‘राजा हरिश्चंद्र’ बत्तीस किलोबाइटमध्ये : एका रूपांतराचा इतिहास (धागा)

१/
दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज उपलब्ध असलेला भाग १९८१ सालच्या घरगुती संगणकावर चालवता येईल काय? प्रश्न वरकरणी पोरखेळाचा वाटेल. उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकारापर्यंत पोचताना चित्रपटातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचे निर्णय पावलोपावली घ्यावे लागतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हे निर्णय म्हणजे साधनचिकित्सेचा उत्तम पाठ आहे. आजचा धागा त्यांविषयी. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
मी देवळ्याचा. फाळक्यांचा जन्म याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला सारा कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला आणि ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ हे पुढचे चित्रपट इथेच घडवले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही नाशिकलाच झाले. तेव्हा जुन्या संगणकावर चालवून पाहण्यासाठी चित्रफीत निवडायची झाल्यास आम्हा नाशिककरांना लांब जाण्याचे कारण नाही.

३/
आता यंत्राविषयी. केंब्रिजच्या एकॉर्न या कंपनीने ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी ‘बीबीसी मायक्रो’ बनवला. तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. त्यात २ मेगाहर्ट्झ गतीचा ६५०२ हा प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट स्मृती होती. आज मोबाइलवर कोणी ‘सुप्रभात’चे फूल पाठवते, तेवढे एक चित्रही या स्मृतीत मावणार नाही. पडद्यावरचे चित्र, कार्यक्रम आणि त्याची सामग्री या तिन्ही गोष्टींनी त्याच ३२ किलोबाइटमध्ये दाटीवाटीने राहायचे.

४/
हे यंत्र भारताला परके नाही. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडलेले यंत्र म्हणजे हाच बीबीसी मायक्रो. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळा त्यात होत्या. पुढे राज्य सरकारांमार्फत सुमारे १२,००० यंत्रे माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना मिळाली. त्याच दशकात डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’चा देशी अवतारही विकला. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला संगणक म्हणून यांपैकीच एखादा पाहिला असेल.

५/
ब्रिटिश यंत्र आपल्याकडे विनातक्रार चालण्यामागे एक तांत्रिक योगायोग होता. दोन्ही देशांत दूरचित्रवाणीची पद्धत पाल हीच होती : ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० वेळा पडद्याची उजळणी. दूरदर्शनवर रंग आले ते १५ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे बीबीसी मायक्रो बाजारात आल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी. घरातला टीव्ही हाच त्या काळी घरगुती संगणकाचा पडदा असे. हा ५०चा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो एका अनपेक्षित जागी उपयोगी पडणार आहे.

६/
आता चित्रपटाकडे वळू. ‘राजा हरिश्चंद्र’चा जाहीर खेळ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झाला. लांबी सुमारे ३,७०० फूट, रिळे चार. आज त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. शिवाय त्यांच्याविषयी एक वाद आहे. फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून पुन्हा चित्रित केली होती. उपलब्ध फीत त्या दुसऱ्या आवृत्तीची आहे, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे रूपांतर सुरू करण्यापूर्वीच पहिला प्रश्न उभा राहतो : आपण नेमके कशाचे रूपांतर करीत आहोत?

७/
संग्रहालयाची स्थापना १९६४ सालची. पहिले संग्रहपाल पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष तिथे सुरक्षित पोचले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिती ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि ‘प्रभात’सह अनेक जुन्या चित्रपटांच्या फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फितीवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट निदान प्रतिरूपाने उरले. नायट्रेटवरून सेफ्टी फितीवर, तिथून व्हिडिओवर, तिथून डिजिटल फायलीत असा हा प्रवास आहे. आपल्या हाती येणारी फाइल म्हणजे प्रतीच्या प्रतीची प्रत होय, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काही निवडलेले आहे.

८/
त्याचा पुरावा फायलीतच सापडतो. मूक चित्रपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम. डिजिटल फायली मात्र बहुधा सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमच्या असतात. मग वरच्या आठ-नऊ फ्रेम आल्या कुठून? काही ठिकाणी जुन्याच फ्रेम पुन्हा घातलेल्या असतात. काही ठिकाणी तशा न घालता चित्रपटच वेगाने पळवलेला असतो. ‘जुन्या सिनेमातली माणसे तुरुतुरु चालत,’ हा आपला समज या दुसऱ्या प्रकारातून आला. १९१३ची माणसे तुमच्याआमच्यासारखीच चालत होती.

९/
म्हणून रूपांतराची पहिली पायरी म्हणजे पुन्हा घातलेल्या फ्रेम ओळखून काढून टाकणे. ‘एफएफएमपेग’ या मोफत आज्ञावलीत लागोपाठच्या सारख्या फ्रेम शोधून गाळण्याची सोय आहे. गाळल्यावर उरते ते फाळक्यांच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या क्रमाच्या अधिक जवळचे असते. यात एक सावधगिरी हवी. एखादे पात्र खरोखरच स्तब्ध उभे असेल, तर दोन अस्सल फ्रेमही जवळपास सारख्या दिसतात. पोथीतली द्विरुक्ती लेखनिकाची चूक आहे की कवीची योजना, हे ठरवणाऱ्या संपादकासारखीच ही अडचण आहे. यंत्राने गाळलेली यादी एकदा डोळ्यांखालून घालणे भाग आहे.

१०/
आता तो ५०चा आकडा. बीबीसी मायक्रोचा पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो. एक फ्रेम तीन उजळण्यांपुरती ठेवली, तर वेग होतो सेकंदाला १६.६७ फ्रेम. म्हणजे मूक चित्रपटाच्या १६च्या वेगाशी फरक अवघा ४ टक्के! आजच्या २४ वा २५ फ्रेमच्या साच्यात फाळक्यांचा चित्रपट ओढूनताणून बसवावा लागतो, आणि १९८१च्या शाळकरी संगणकावर मात्र तो जवळजवळ आपल्या मूळ चालीने चालतो. हाताने दांडा फिरवणाऱ्याचा वेग तरी कुठे ४ टक्क्यांच्या आत स्थिर राहत असेल?

११/
इथवर सोपे होते. आता हिशेब मांडू.
बीबीसी मायक्रोचा ‘मोड ४’ ३२० × २५६ ठिपके आणि दोन रंग देतो. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे एका फ्रेमला १०,२४० बाइट.
३५ मिलिमीटरच्या फितीत फुटाला १६ फ्रेम असतात. ३,७०० फुटांच्या झाल्या ५९,२०० फ्रेम.
संपूर्ण चित्रपट आज हाती असता, तर त्याला सुमारे ६०६ मेगाबाइट लागले असते.
त्या काळच्या २०० किलोबाइटच्या फ्लॉपीत मावतात बरोबर २० फ्रेम, म्हणजे १.२ सेकंद. राजाने धनुष्य उचलायच्या आत फ्लॉपी बदलायची वेळ!

१२/
साठवणीपेक्षा बिकट प्रश्न वेगाचा. फ्लॉपीच्या एका फेऱ्यात २,५६० बाइट वाचले जातात, आणि ती सेकंदाला पाच फेरे घेते. म्हणजे सेकंदाला फार तर १२,८०० बाइट. आपल्याला हवेत सुमारे १,७०,०००. कॅसेटवरून लोड करायचे म्हटले, तर १,२०० बॉडच्या वेगाने एकच फ्रेम पडद्यावर यायला जवळजवळ दीड मिनिट लागेल. आज या यंत्रांना मेमरी कार्ड जोडण्याची सोय झाली आहे, त्यामुळे साठवण आणि वाचन या दोन्ही अडचणी पुष्कळ सैल होतात. परंतु त्यानंतरही प्रोसेसर शिल्लक राहतोच.

१३/
६५०२ प्रोसेसर सेकंदाला २० लाख चक्रे फिरतो. एका फ्रेमच्या वाट्याला येतात १,२०,००० चक्रे. साध्या लूपने एक बाइट इथून तिथे नेऊन ठेवायला लागतात १४ चक्रे. १०,२४० बाइटांचा हिशेब होतो १,४३,३६०. म्हणजे दुसरे कोणतेही काम न करता, नुसते चित्र पडद्यावर मांडायलाच वेळ अपुरा पडतो. तेव्हा प्रत्येक फ्रेम पूर्ण मांडण्याचा नाद सोडावा लागतो. मागच्या फ्रेमपेक्षा जे बाइट बदलले, तेवढेच नव्याने लिहायचे. बाकीचे आहेत तसे राहू द्यायचे.

१४/
या मार्गाचा कळस अमेरिकेतील जिम लेनर्ड यांनी गाठला. १९८१च्याच आयबीएम पीसीवर, ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर, त्यांनी २००४ साली ‘८०८८ करप्शन’ या प्रयोगात चलचित्र चालवून दाखवले. चित्र अक्षरांच्या मोडमध्ये, अक्षरचिन्हांचेच ठिपके करून रचलेले होते. २०१४च्या ‘८०८८ डॉमिनेशन’मध्ये त्यांनी चित्रमोडमध्ये तेच केले. युक्ती अशी की, बदललेल्या बाइटांची नुसती यादी साठवायची नाही. ‘अमुक जागी अमुक बाइट लिही’ अशा थेट प्रोसेसरच्या आज्ञाच साठवायच्या. यादी वाचून अर्थ लावण्याचे श्रम वाचतात. रूपांतराचे जड काम आजच्या संगणकाने आधीच करून ठेवायचे आणि म्हाताऱ्या यंत्राने फक्त वाढलेले ताट जेवायचे.

१५/
‘बदलले तेवढेच लिही’ या तत्त्वाला फाळक्यांचा चित्रपट फार मानवतो, कारण त्यांचा कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असतो. सुरुवातीच्या प्रसंगात राजा हरिश्चंद्र पुत्राला धनुर्विद्या शिकवतो, राणी तारामती शेजारी आहे. राजा रविवर्म्याच्या चित्राची आठवण व्हावी अशी ती मांडणी. मागचा देखावा जिथल्या तिथे. हलतात ती माणसे. आजच्या चित्रपटात कॅमेरा क्षणभर स्थिर नसतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये सारेच बदलते. १९१३च्या चित्रीकरणाची जी चाल आज आपल्याला मर्यादा वाटते, तीच या यंत्राच्या पथ्यावर पडते.

१६/
निदान कागदावर तरी. प्रत्यक्ष फायलीत देखावा स्थिर नसतो. फीत यंत्रातून जाताना किंचित डुलते. उजेड कमीजास्त होतो. चरे, डाग, धुळीचे कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी उगवतात. संगणकाच्या दृष्टीने हा प्रत्येक चरा म्हणजे ‘बदल’ असतो, आणि तो लिहायला चक्रे खर्च होतात. राजाचा हात हलण्यासाठी राखलेला वेळ चऱ्यांवर उडतो. मग डुलणे थांबवावे, उजेड सारखा करावा, चरे पुसावेत, असा मोह होतो. तशी साधने आहेत आणि ती चांगली चालतात.

१७/
आणि इथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचा हात अडखळतो. चरा हा कचरा आहे की पुरावा? फीत किती वेळा यंत्रातून गेली, कुठे तुटून जोडली गेली, कोणते रीळ जास्त वापरले गेले, हे तिच्या जखमाच सांगू शकतात. उपलब्ध फीत १९१३ची की १९१७ची, अशा वादात तर भौतिक खुणांचे मोल अधिकच. मला सुचणारा तोडगा असा : चालवायच्या प्रतीत चरे पुसावेत, कारण तिचे काम दाखवण्याचे आहे, पण ज्या फायलीवरून ती केली, ती न पुसता तशीच शेजारी जपून ठेवावी, आणि पुसल्याची नोंद प्रतीतच करावी. शिलालेखाचे शुद्ध वाचन छापताना मूळ ठसा आपण फेकून देत नाही.

१८/
पुढचा निर्णय रंगछटांचा. फितीवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अखंड छटा आहेत. मोड ४मध्ये ठिपका एक तर पेटलेला, नाही तर विझलेला. करडा रंग आणायचा कुठून? उपाय जुना आहे : बारीक काळे-पांढरे ठिपके कमीअधिक दाट पेरायचे, डोळा त्यांची करडी छटा करून घेतो. छपाईतला हाफटोन ब्लॉक याच तत्त्वावर चालतो. जाळीच्या काचेतून छायाचित्र घेतले की, त्याचे लहानमोठे ठिपके होतात आणि एकाच काळ्या शाईत चेहरा उमटतो. जुन्या मासिकातले छायाचित्र भिंगाखाली धरून पाहावे.

१९/
ही विद्या कोणाला अवगत होती? खुद्द फाळक्यांना. सिनेमाकडे वळण्यापूर्वी ते छपाई-व्यवसायात होते. बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, पुरातत्त्व खात्यात आरेखक-छायाचित्रकाराची नोकरी, नंतर लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’. रविवर्मा छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र यांसाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले. अखंड छटेचे चित्र मोजक्या शाईच्या ठिपक्यांत उतरवताना काय गमवावे आणि काय राखावे, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या धंद्याचा होता. आपण आज त्यांच्याच चित्रपटावर तोच संस्कार करीत आहोत.

२०/
संगणकावर हे ठिपके पाडण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. कोडॅकमधील संशोधक ब्राइस बेयर यांनी १९७३ साली मांडलेली रीत ठरावीक जाळी वापरते. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुइस स्टाइनबर्ग यांची १९७६ची रीत एका ठिपक्यात राहिलेली चूक शेजारच्या ठिपक्यांवर वाटून देते. स्थिर चित्रात दुसरी अधिक देखणी. चलचित्रात मात्र तिच्यामुळे घोटाळा होतो. एका कोपऱ्यात हात हलला की, वाटलेली चूक उजवीकडे आणि खाली पसरत जाते, आणि न हललेली भिंतही मुंग्या चालाव्यात तशी सळसळते. शिवाय सळसळ म्हणजे पुन्हा ‘बदल’, पुन्हा चक्रे. म्हणून इथे बेयर यांची जाळीच बरी : जिथे काही हलले नाही, तिथे ठिपकेही हलत नाहीत.

२१/
दोन प्रसंग मात्र कोणत्याही रीतीला पुरून उरतात. पहिला पाण्याचा. हौदात जलक्रीडा करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसंगात (भूमिका पुरुषांच्याच) पाण्याचा कण न् कण हलतो. तिथे गती उतरवावी लागते किंवा पाणी काहीसे थिजवावे लागते. दुसरा प्रसंग चमत्काराचा. शेवटच्या रिळात शंकर प्रकट होतात. कॅमेरा थांबवायचा, पात्र आणून उभे करायचे, पुन्हा सुरू करायचा, ही त्यामागची रीत. अशा जागी एका फ्रेममध्ये पडद्याचा मोठा भाग बदलतो आणि संगणकाला ते चित्र दोन-तीन फ्रेमच्या वेळात लिहावे लागते. देव क्षणभर उशिरा प्रकट होतात, इतकेच.

२२/
फ्रेम ही सुटी सुटी वस्तू आहे, ही जाण फाळक्यांच्या कामात आरंभापासून दिसते. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावून, महिन्याहून अधिक काळ एकेक फ्रेम टिपत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कच्च्या फितीला भोके पाडण्याचे अंधारातले कंटाळवाणे काम घरातच होई. त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा मोठा होता. पडद्यावरच्या सलग गतीमागे किती फ्रेम आणि किती हात असतात, ते या तपशिलांवरून कळते. फ्रेम मोजत बसणे हा आपलाही उद्योग त्याच जातीचा.

२३/
आता लिपीचा प्रश्न. मूक चित्रपटातील पाट्या हिंदी आणि इंग्रजीत आहेत. ३२० ठिपक्यांच्या रुंदीवर मोठी अक्षरे कशीबशी वाचता येतात. पण जाळीतून काढल्यास शिरोरेखा तुटते, मात्रा आणि अनुस्वार ठिपक्यांत हरवतात. म्हणून पाट्यांना जाळी लावू नये, सरळ काळे-पांढरे करावे. आणखी लहान मोडमध्ये जायचे असल्यास पाट्या हाताने नव्याने आखाव्या लागतात. बीबीसी मायक्रोत ८ × ८ ठिपक्यांची स्वतःची अक्षरे घडवण्याची सोय आहे. मात्र जोडाक्षर एका घरात मावत नाही, त्याला दोन घरे द्यावी लागतात. या यंत्राची घडण करताना देवनागरी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती, हे इथे पदोपदी जाणवते. नव्याने आखलेली पाटी ही आपली आहे, फाळक्यांची नाही. तशी खूण तिच्यावर असलीच पाहिजे.

२४/
लहान मोड म्हणजे ‘मोड ७’. हा टेलिटेक्स्टचा मोड : ४० × २५ घरे आणि जेमतेम एक किलोबाइट स्मृती. प्रत्येक घराचे सहा तुकडे होतात. ओळीच्या आरंभी एक घर नियंत्रणासाठी सोडले, तर चित्राला उरतात ७८ × ७५ तुकडे. राजाचा चेहरा ओळखू येत नाही. हालचाल मात्र स्वच्छ कळते. धनुष्य ताणणारा हात, वाकणारी मान, प्रवेश आणि निर्गमन. मोड ४मध्ये वेशभूषा आणि देखावा टिकतो, गती अडखळते. मोड ७मध्ये गती टिकते, मुद्रा जाते. कोणते रूपांतर ‘बरोबर’, हे ठरण्यासाठी आधी विचारावे लागते : आपल्याला चित्रपटातले काय पाहायचे आहे?

२५/
हा सारा खटाटोप परदेशी छांदिष्टांचा आहे, असे कोणाला वाटल्यास आपल्याच कसमादेकडे पाहावे. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि तो तिथल्या व्हिडिओ पार्लरमध्ये गाजला. नंतर खानदेशी चित्रफिती व्हिडिओ सीडीवरून घरोघर गेल्या. व्हिडिओ सीडीचे पाल चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचे. म्हणजे बीबीसी मायक्रोच्या ३२० × २५६पेक्षा ते फार मोठे नव्हे. अंतर आहे ते रंगांचे. पुढे मोबाइलच्या दुकानात ‘लोड करून’ घेतलेल्या चित्रफिती त्याहून लहान. आमच्या भागाने सिनेमा पाहिला तो बहुतांशी अशाच छाटलेल्या, दाबलेल्या, पुन्हा उतरवलेल्या रूपांत.

२६/
त्या रूपांतरांचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही. कोणी कशावरून उतरवले, काय कापले, कोणता तुकडा गाळला, याची नोंद कुठे झाली नाही. मूळ फीत हरवली की, ती छाटलेली प्रतच एकमेव साधन ठरते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या दोन रिळांबाबत हेच घडले आहे. त्यांच्या प्रत्येक प्रतीसोबत उगमाची चोख नोंद राहिली असती, तर १९१३ की १९१७ हा वाद आज इतका अवघड नसता. मालेगावच्या, खानदेशच्या चित्रफितींच्या बाबतीत तोच प्रसंग येऊ घातला आहे. व्हिडिओ सीडी चकचकीत दिसली, तरी अमर नाही.

२७/
म्हणून ज्यांना हा प्रयोग करून पाहावासा वाटेल, त्यांच्यासाठी क्रम थोडक्यात :
• फाइल कुठून मिळाली, लांबी किती, फ्रेमचा वेग किती, ते प्रथम लिहून ठेवा.
• पुन्हा घातलेल्या फ्रेम गाळा. गाळलेल्या डोळ्यांनी तपासा.
• वेग १६.६७ ठरवा.
• पाट्या आणि प्रसंग वेगळे करा. पाट्यांना जाळी नको.
• प्रसंगांची डुलकी आणि उजेडाचा चढउतार स्थिर करा, मूळ फाइल जपून.
• बेयर जाळीने काळे-पांढरे करा.
• बदललेले बाइट तेवढे वेगळे काढा.

२८/
जुने यंत्र जवळ नसल्यास अडचण नाही. ‘जेएसबीब’ हे बीबीसी मायक्रोचे प्रतिरूप ब्राउझरमध्येच चालते. २०० किलोबाइटची फ्लॉपी-फाइल बनवून त्यात देता येते. मोड ७च्या पूर्ण फ्रेम घेतल्या, तरी तेवढ्यात १२ सेकंदांचे चित्र मावते. फरक तेवढेच साठवले, तर आणखी. सुरुवात धनुर्विद्येच्या प्रसंगापासून करावी. पाण्याच्या वाटेला पहिल्याच दिवशी जाऊ नये!

२९/
आणि प्रतीच्या आरंभी एक पाटी जरूर घालावी. तिच्यावर चार ओळी पुरेत : मूळ कोणते मानले, हाती आलेली फाइल कोणती, काय काढले, काय नव्याने घातले. मोड ७मध्ये एका ओळीत ४० अक्षरे मावतात, त्यात हे सहज बसते. उद्या बाकी साऱ्या प्रती नाहीशा होऊन कोणाच्या हाती केवळ आपली ७८ × ७५ तुकड्यांची प्रत लागली, तर ती पाहणाऱ्याला निदान एवढे कळेल की हा चित्रपट असा नव्हता, तो असा केला गेला, आणि का केला गेला.

३०/३०
धागा इथे संपतो. शेवटी एक विनंती. आपल्या घरी, गावच्या जुन्या व्हिडिओ पार्लरमध्ये वा लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे कसमादे-खानदेशातील स्थानिक चित्रफिती (कॅसेट, व्हिडिओ सीडी, काहीही) पडून असतील, तर त्या फेकू नका. उतरवून घेण्यापूर्वी वेष्टनावरचा मजकूर, साल आणि कोणाकडून मिळाली ते एका कागदावर लिहून आतच ठेवा. शाळेत ‘क्लास’ प्रकल्पातला बीबीसी मायक्रो वापरलेले कोणी वाचत असतील, तर आठवणी खाली अवश्य लिहाव्यात.